डाव्या डोळ्यासाठी प्रार्थना

शांती हा शब्द त्या वर्षी कोणी उच्चारला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चर्चचे पाळक म्हणायचे, शांती ठेवा. नळावरच्या बायका म्हणायच्या, शांती ठेव. माझा नवरा तर तोंडानं काही न बोलता नुसत्या चेहऱ्यानं म्हणायचा. ठेवू तरी कुठे? दहा बाय दहाची पत्र्याची खोली, तिच्यात दोन मुली, एक पेटी, एक सिगडी आणि आम्ही दोघं. मे महिन्यात तो पत्रा असा तापायचा की आतल्या पेटीचासुद्धा हाताला चटका बसायचा. आणि त्या भट्टीत बसून मी शांती ठेवायची!

आता मी म्हातारी झाले. माझ्या मुलींना वाटतं, आईचा राग वयाबरोबर ओसरला. ओसरलेला नाही. मी तो दाखवणं कमी केलंय, एवढंच. त्या वर्षाचं आठवायला बसलं की तो जसाच्या तसा वर येतो, म्हणून तो आवरायचा प्रयत्न न करता लिहिते.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. पहिली भट्टी पेटली होती आणि पुढच्या कामांची घाई चालली होती. आम्ही भंडाऱ्याकडून आलेले, पावर हाउसच्या बाजूला कॅम्पातल्या पत्र्याच्या ओळीत राहायचो. नवरा एका ठेकेदाराकडे खलाशी होता. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्या खलाशानं समुद्र कधी पाहिला नव्हता. दोरखंड, कप्प्या आणि साखळ्या लावून लोखंडाचे अवजड तुकडे वर चढवायचे आणि उंचावर चार बोटांच्या पट्टीवर उभं राहून ते जागेवर बसवायचे, हे त्यांचं काम. हे काम करताना ते गाणी म्हणायचे असं त्यांचे सोबती सांगायचे. घरी मात्र त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वाक्यं निघाली तरी खूप.

पाळीचा भोंगा ठरल्या वेळी व्हायचा. त्याची कोणाला भीती नव्हती, त्यावर आम्ही भात चढवायचो. पण मध्येच अवेळी भोंगा झाला की आमच्या ओळीतल्या बायका हातातलं टाकून नळापाशी येऊन उभ्या राहायच्या. तिथून कारखान्याकडे जाणारा रस्ता दिसायचा. अवेळी भोंगा म्हणजे कुठे तरी अपघात, असंच वाटायचं. बहुतेकदा भोंगा नुसताच कसला तरी असायचा आणि तासाभरात सगळ्या परत आपापल्या चुलीपाशी जायच्या. पण तो तास मोठा असायचा.

ओळीच्या शेवटच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या. नागपूरच्या, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या, वयानं माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, एकट्या. सगळी ओळ त्यांना सिस्टर म्हणायची. अवेळी भोंगा झाला की त्या केस बांधत बांधत दवाखान्याकडे पळायच्या आणि मी मागून ओरडायची, "सिस्टर, आमच्या घरचे पाहून सांगजा वो!" मागे न बघता त्या हात वर करायच्या. संध्याकाळी परत येताना माझ्या दारात थांबून म्हणायच्या, "नाही आला तुहा नवरा तिथं. भाजी टाक." मग मी भाजी टाकायची.

एकदा मात्र हे खरंच अपघातात सापडले, आणि त्या दिवशी भोंगाही झाला नाही. छिन्नीनं लोखंड तोडताना कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात गेली. ठेकेदाराच्या माणसानं दुर्गला नेऊन डोळ्यात थेंब घातले, पट्टी बांधली, चार दिवस सुट्टी दिली आणि बजावलं, कोणी विचारलं तर घरी पडलो म्हणून सांग. पट्टी निघाली. बाहेरून डोळा अगदी धडधाकट दिसायचा, पण त्यातून उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. हे आम्हा दोघांना सोडून कोणाला माहीत नव्हतं. ते पुन्हा वर चढायला लागले. सहा महिने ते एका डोळ्यानं वर चढत होते आणि मी खाली भोंग्याकडे कान लावून बसत होते.

मग छटनीची गोष्ट सुरू झाली. ठेकेदाराचं काम संपत आलं होतं. त्याच्या माणसांतून काही जणांना कारखाना पक्क्या नोकरीत घेणार, बाकीच्यांनी आपापल्या गावी जायचं. पक्क्या नोकरीसाठी मेडिकल पास व्हावं लागणार होतं. आणि मेडिकलमध्ये डोळे तपासणार होते.

"नाही तर गावी जा," असं लोक किती सहज म्हणायचे! कॅम्पातल्या बाकी मराठी घरांना गाव होतं. कोणाची चार एकर धानाची बांधी, कोणाचं भावकीतलं घर, काही नाही तर एखादी पडवी तरी. आमच्यासारख्या लोकांना गाव नसतं, मिशनचं कंपाउंड असतं. माझे सासरे मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. कंपाउंडातल्या खोलीत जन्मले, तिथंच वारले, आणि ते वारल्यावर महिन्याभरात ती खोली नव्या स्वयंपाक्याला मिळाली. माझ्या माहेरचीही तीच तऱ्हा. तीन पिढ्या ख्रिस्ती, आणि तीन पिढ्यांत आपल्या नावाची वीतभर भिंत नाही. भिलाईतली ती पत्र्याची खोली सुटली तर दोन मुलींना घेऊन आम्ही कुठल्या फलाटावर बसणार होतो, हे मला कोणी सांगावं! पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "उद्याची चिंता नको. शांती ठेवा." पाळक रायपूरहून महिन्यातून एकदा यायचे. त्यांना राहायला मंडळीनं बांधून दिलेलं घर होतं.

मी चिंता केली आणि उपाय शोधला. उपाय कॅम्पातल्या सगळ्या खलाशांना माहीत होता. डॉक्टर म्हणतो, एक डोळा झाका. तेव्हा डाव्या हातानं डावा डोळा झाकायचा आणि उजव्या डोळ्यानं भिंतीवरची अक्षरांची पाटी वाचायची. डॉक्टर म्हणतो, आता दुसरा. तेव्हा हात बदलायचा, डोळा नाही. उजवा हात वर न्यायचा आणि पुन्हा डावाच झाकायचा. पन्नास-साठ माणसांची रांग असते, डॉक्टर मान खाली घालून लिहीत असतो, कोण बघतंय?

सोमवारी मी पावर हाउसच्या किराणा दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर भिंतीला लावलं आणि यांना उभं केलं. "झाका. वाचा. आता दुसरा." पहिल्यांदा उजवा हात नाकावरून असा आडवा गेला की लहान पोरगीसुद्धा म्हणाली, बाबा, तो नाही, हा. मी तिला बाहेर पिटाळलं. मग मी शोध लावला की दुसऱ्या वेळी जरा खोकायचं आणि खोकता खोकता मान वळवून हात न्यायचा. पंधरा-वीस वेळा करून घेतलं. ते मध्येच हसायला लागले.

"हसून कावून राहिले?" मी म्हणाले.

"नाटकात काम करून राहिलो असं वाटते."

"नाटक तं नाटक. पोरीईले खाऊ घालाचं हाये का नाही?"

ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा खोकले. शेवटी शेवटी तर इतकं बेमालूम जमलं की मला स्वतःलाच ते दोन्ही डोळ्यांनी बघताहेत असं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी आमच्याच खोलीत प्रार्थनासभा होती. मंडळीला तेव्हा स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं, दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी जमायचो. गाणी झाल्यावर प्रत्येकानं आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून तो देवापुढे मांडायचा, अशी रीत. शहाणी माणसं विषय झाकून सांगतात. "एका घराची अडचण आहे, प्रभू जाणतो," एवढंच म्हणतात. माझ्या सासूबाईंनी मला वेगळं शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, देवाला कोड्यात घालू नये, नावानिशी मागावं, म्हणजे तो भलत्यालाच देत नाही. माझी पाळी आली आणि मी नावानिशी मागितलं.

"यायच्या डाव्या डोळ्यानं दिसत नाही. उद्या मेडिकल हाये. कोणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून प्रार्थना करा."

खोलीत बारा माणसं होती. हे दाराशी बसले होते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेकडे दुर्लक्ष केलं. आता इतक्या वर्षांनी मला हसू येतं आणि हसता हसता संतापही येतो की त्या बारा जणांतल्या एकालाही म्हणावंसं वाटलं नाही, बाई, तू देवाकडे काय मागतेस ते तुला कळतंय का? उलट सगळ्यांचे डोळे भरून आले. रीतीप्रमाणे त्यांनी यांना मध्ये बसवलं, भोवती उभे राहिले, कोणी डोक्यावर हात ठेवला, कोणी खांद्यावर, आणि मी माझा हात त्या डाव्या डोळ्यावर ठेवला. सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "प्रभू, तपासणाऱ्याच्या डोळ्यावर पडदा टाक." मी जोरात आमेन म्हणाले.

सिस्टरही तिथं होत्या. त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला होता, पण तोंडातून शब्द काढला नाही. सभा संपल्यावर सगळ्यांनी चहा घेतला, त्यांनी घेतला नाही. आमच्या रीतीनं निरोपाचा "सलाम" म्हणाल्या आणि निघून गेल्या. डोळे तपासायच्या खोलीत पाटीजवळ काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या नर्स त्याच होत्या, हे मला माहीत होतं. त्या आपल्या आहेत, म्हणजे उलट बरंच झालं, असं मी धरून चालले होते.

बुधवारी दुपारी हे परत आले. डबा कोपऱ्यात ठेवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अनफिट. वर चढाले अनफिट लिवलं."

मी विचारलं, "कळलं कसं?"

"ऐक तं," ते म्हणाले.

"मले काही ऐकाचं नाही," मी म्हणाले, आणि खरंच ऐकलं नाही. कारण मला कळलं होतं. तपासणीच्या त्या खोलीत ज्याला डोळ्याचं माहीत होतं असं एकच माणूस होतं.

पुढचे दहा दिवस मी काय झाले होते, ते आठवलं की मलाच माझी भीती वाटते. सिस्टर नळावर आल्या की मी पाठ फिरवायची. त्यांची बादली आधी लागलेली असली तर ती उचलून बाजूला ठेवायची आणि माझी लावायची. त्या काही बोलत नव्हत्या. त्यांचं ते न बोलणं मला कबुलीजबाब वाटायचं. मी ओळीतल्या दोन बायकांना सांगितलंसुद्धा, "दिवसभर देवाचं नाव घेते अन् दुसऱ्याच्या पोटावर पाय देते." माझ्या मुलींना त्यांच्या दारात जायला बंदी केली. धाकटी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी केस विंचरून घ्यायला जायची. ती रडली. मी तिला एक धपाटा घातला आणि तिचे केस इतके करकचून बांधले की ती रात्रभर डोकं धरून होती.

देवावरही राग होता, तो काय वेगळा सांगायचा! बारा माणसांनी मागितलेली एवढीशी गोष्ट त्याला देता आली नाही. मी सकाळची प्रार्थना बंद केली. जेवणाआधी हे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवून यांच्याकडे बघत बसायची.

आणि सगळ्यांत जास्त चीड यायची ती यांची. हा माणूस झोपायला लागला होता! सहा महिने जो कुशीवर कुशी बदलायचा, तो आता आडवा झाला की घोरायचा. छटनीची यादी लागणार, खोली सुटणार, आणि हे पहाटे उठून दात घासता घासता गाणं गुणगुणत होते. दोनदा यांनी पुन्हा सुरुवात केली. "अवं, त्या दिवशी असं झालं—" मी दोन्ही वेळा भांडं आपटलं. माझ्यापुढे बोलायची त्यांची ताकद तेवढीच होती.

मग शनिवार आला. रविवारी पाळक येणार होते आणि शाळेच्या शेडमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, होता. आमच्या मंडळीत प्रभूच्या मेजावर जायच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या घरी जाऊन माफी मागायची पद्धत होती. मन साफ नसताना भाकरीला हात लावायचा नाही. कोणी गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत जागेवर बसून राहावं लागायचं, आणि मग आठवडाभर त्याचीच चर्चा. मी माफी मागायला निघाले ती या चर्चेच्या भीतीनं. मनात माफीचा लवलेश नव्हता. उलट वाटत होतं, आता तरी ती कबूल करेल आणि मग मी माफ करीन, सगळ्यांना दिसेल असं.

सिस्टर दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच ठरलेलं वाक्य म्हटलं, "माह्याकडून काही चुकलं असन तं माफ करा."

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

असं कोणी विचारत नाही. समोरच्यानं "माझंही चुकलं" म्हणायचं आणि चहा ठेवायचा, अशी रीत.

"तुले माहीत नाही, तं मी सांगतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या काही बाया बोलताना "करतो, सांगतो" म्हणतात, त्यातल्याच त्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "त्या दिवशी मी काठी घेऊन उभी होती. तुह्या नवऱ्यानं डावा डोळा झाकला, वाचलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा. तो खोकला अन् उजव्या हातानं परत डावाच झाकला. मले दिसलं. दिसनच ना, मले तं आदल्या दिवशीच तुमी सांगून ठेवलं होतं! मी काय केलं, माहीत हाये? मी खिडकीकडे तोंड केलं. वीस वर्सं नोकरी करून राहिली मी. कधी तोंड फिरवलं नाही. त्या दिवशी फिरवलं, अन् पाह्यल्याशिवाय काठी शेवटच्या ओळीवर ठेवली. त्यानं ती वाचली. डॉक्टरनं फिट लिवाले पेन उचलला."

"मंग?"

"मंग तुह्या नवऱ्यानं हात खाली घेतला. म्हणाला, साहब, इस आँख से नहीं दिखता. दोनों बार यही ढका था."

मी उंबऱ्यावर बसले.

"माह्या मनाचा इचार केला का कोणी?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. मी तो तोपर्यंत कधी चढलेला ऐकला नव्हता. "बारा जण मिळून देवाले सांगून राहिले, लपव म्हणून. अन् लपवाचं कोणी होतं? देवाच्या हातात काठी नव्हती, माह्या हातात होती. तो वरून पडला असता, नाही तं त्याच्या हातून पाना सुटून खाली कोणाच्या टाळक्यात पडला असता, तं दवाखान्यात त्याले कोण धुतलं असतं? मीच! रात्रभर झोप नाही, सकाळी जेवली नाही. तुह्या नवऱ्यानं मले त्याच्यातून सोडवलं. अन् तू नळावर मलेच पाठ दाखवून राहिली."

"तुमी सांगाचं ना मले," मी कशीबशी म्हणाले.

"पाठीले काय सांगाचं?"

मी घरी आले. हे सिगडीची राख काढत होते. मी म्हणाले, "तुमी सांगतलं. सोताहून."

"हो."

"मी पंधरा-वीस खेपा शिकवलं ते कशाले?"

यांनी हात झटकले. मग जितकं मी त्यांना लग्नानंतर एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं तितकं ते बोलले. "म्या तं करून टाकलं होतं. जमलंही होतं. पण सिस्टरनं तोंड फिरवलं ते मले दिसलं. एकाच डोळ्यानं दिसलं, पण दिसलं. वाटलं, हीच बाई काल माह्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तुहाही हात होता डोळ्यावर. इतक्या लोकाईनं हात ठेवला अन् मी त्याच डोळ्यावर खोटा हात ठेवू? नाही झालं माह्यानं." मग राख गोळा करत म्हणाले, "वर चढलो की भेव लागे, बाई. सहा महिने. तुले सांगतलं नाही."

मी काय करावं? मी भांडले. मी यांना म्हणाले, तुमचं मन स्वच्छ झालं, आता त्या स्वच्छ मनात पोरींना निजवा, पाऊस आला की तेच डोक्यावर घ्या. ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ती शांती होती, आणि माझ्यापाशी तिच्यावर फेकायला आता काहीच उरलं नव्हतं. सगळे दगड मी सिस्टरवर फेकून संपवले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रभूच्या मेजावर गेले. मला शांतीबिंती काही वाटली नाही. लाज वाटली. शेजारी सिस्टर गुडघे टेकून होत्या. मी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी देवाशी बोलले. म्हणाले, मला तुझा राग आहे, आणि मला तू हवा आहेस, आता काय करायचं ते तूच बघ. एवढीच प्रार्थना. ती त्या शाळेच्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मनात म्हटली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. टाइम ऑफिसच्या फळीवर कागद डकवला होता. गर्दीत पुरुषच पुरुष, पण मी यांच्यासोबत गेले, आणि रस्त्यानं मुद्दाम यांच्या डाव्या हाताला चालले, सायकली तिकडूनच येत होत्या. यादीत नाव नव्हतं. नसणारच होतं, तरी मी वरून खाली दोनदा वाचलं. त्या डॉक्टरनं मात्र कागदावर लिहून दिलं होतं की जमिनीवरचं काम चालेल. त्यावर यांना नव्या वसाहतीतल्या सेक्टरांच्या रस्त्यांकडेला लावलेल्या रोपांना पाणी घालायचं रोजंदारीचं काम मिळालं. सकाळी आणि संध्याकाळी पाणी घालायचं, दुपारी घरी. दर शनिवारी मुकादम सांगायचा, सोमवारी या, किंवा येऊ नका. पत्र्याच्या खोलीचंही तसंच, आज आहे, उद्याचं माहीत नाही.

एका दुपारी मी वांगी चिरत होते. हे दारात बसून धाकटीला केस विंचरून देत होते, वेडेवाकडे. आणि अवेळी भोंगा झाला.

माझा हात चिरतच राहिला. चार-पाच फोडी पडल्यावर माझ्या लक्षात आलं की हात थांबला नाही. छातीत धस्स झालं नाही. कान टवकारले नाहीत. सहा महिने आणि त्याआधीचा भिलाईतला सगळा काळ या आवाजानं माझं काळीज मुठीत धरलं होतं, आणि आता तो नुसता आवाज होता. माझा माणूस जमिनीवर होता, त्याला लपवायचं काही नव्हतं. सोमवारी काम असेल की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि तरीही मी वांगी चिरत होते. मला शांती वाटत होती. मी तिला ओळखलं आणि मला हुंदकाच फुटला. इतके दिवस जिला शिव्या दिल्या, ती अशी मी विळीवर बसलेली असताना येईल असं कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात समोरचं दार आपटलं. समोरची बाई, तेलुगू होती ती, तिचा नवरा खलाशी, पक्क्या यादीत नाव आलेला. कडेवर मूल घेऊन ती अनवाणी नळाकडे धावली. मी तिच्या पायांकडे बघितलं आणि मला माझा संताप आला, तिचा माणूस वर होता आणि मी इथं शांतीत रमले होते. मी विळी आडवी केली आणि तिच्यामागे गेले.

नळापाशी बायका उभ्या होत्या. सिस्टर केस बांधत पळत आल्या. मला पाहून त्या थांबल्या. भोंगा झालेला असताना त्या कधी थांबल्या नव्हत्या.

"तुहे कोठी हायेत?"

"घरी. दारात बसले हायेत."

"मंग तू कावून उभी हायेस इथं?"

समोरच्या बाईनं माझा दंड धरला होता. तिला आमची भाषा येत नव्हती. सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पळायला लागल्या. मी मागून ओरडले, अगदी नावानिशी, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन, "सिस्टर, हिच्या घरचेही पाहून सांगजा वो!"

मागे न बघता त्यांनी हात वर केला.

आम्ही तिथंच उभ्या राहिलो. तिचं मूल मी घेतलं. संध्याकाळी सिस्टर परत आल्या, आधी समोरच्या दारात थांबल्या आणि हातानं चूल पेटवायची खूण करून तिला म्हणाल्या, "नाही आला तुहा नवरा तिथं. भाजी टाक." मग माझ्या दारात आल्या. मी काही विचारायच्या आत त्या चप्पल काढून आत आल्या, धाकटीला पुढ्यात घेऊन तिचे यांनी बांधलेले केस सोडले आणि म्हणाल्या, "माह्या पोटात सकाळपासून काही नाही."

मी ताट वाढलं.